आधी ऐब कळू द्या

आमच्या अंगणात एक जुनी गाडी उभी असते. प्रीमियर पद्मिनी, 1993 ची, अकोल्याच्या पासिंगची. तेव्हा आमचं अनसिंग अकोला जिल्ह्यातच होतं. वाशिम जिल्हा वेगळा झाला 1998 साली. गावात तिला पद्मिनी कोणी म्हणत नाही, सगळे ‘फियाट’च म्हणतात. त्यात चूकही काही नाही. तिचा मूळ साचा इटलीच्या फियाट 1100 चा. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीने ती कुर्ल्याच्या कारखान्यात बनवली आणि 1974 पासून चितोडच्या राणीचं नाव तिला दिलं.

अब्बांनी ती 2001 मध्ये जुनीच विकत घेतली. तेव्हा शहरातले लोक फियाट काढून नव्या हलक्या गाड्या घेत होते, म्हणून अब्बांना ती परवडली. वाशिम-पुसद रस्त्यावर त्या काळी रात्री आठनंतर काही मिळायचं नाही. कोणाला साप चावला, कोणाची सून अडली, की लोक आमचं दार वाजवायचे. अब्बा पायजम्यावरच उठून गाडी काढत. पेट्रोलचे पैसे कोणी दिले तर घेत, नाही दिले तर मागत नसत. शेजारच्या एका मुलीचा जन्म तर वाशिमचा दवाखाना दिसायच्या आत याच गाडीच्या मागच्या सीटवर झाला. ती मुलगी आता बारावीला आहे आणि अजूनही गाडीला ‘माझी गाडी’ म्हणते.

2014 मध्ये 108 ची रुग्णवाहिका सुरू झाली आणि दार वाजणं कमी झालं. आमच्यापैकी दोघांकडे मोटारसायकली आल्या. अब्बांचे गुडघे दुखू लागले. गाडी महिन्यातून दोन-तीनदा निघू लागली आणि निघाली की मागे निळा धूर सोडू लागली.

आम्ही म्हणजे आम्ही तिघं भावंडं. थोरला विहिरीवरच्या पाणमोटारी दुरुस्त करतो, मधला कृषी सेवा केंद्रात काउंटरवर असतो आणि धाकटी वाशिमला कॉलेजात जाते. ही हकिगत तिघांची आहे आणि तिच्यात जी लाजेची गोष्ट आहे तीही तिघांचीच आहे, म्हणून ‘आम्ही’ म्हणूनच लिहितो.

2021 मध्ये धूर वाढला तेव्हा आम्ही गाडी एका गॅरेजवर नेली. त्यांनी न मोजता, न तपासता सांगितलं, ‘रिंग गेल्या. नव्या टाकू, काम संपलं.’ सात हजार दोनशे रुपये गेले. दोन महिने गाडी बरी चालली. मग पुन्हा तोच धूर. अडीचशे किलोमीटरला एक लिटर ऑइल पिऊ लागली. चढावर तर बैलगाडीनं मागे टाकावं अशी गत.

मे 2023 मध्ये आम्ही ठरवलं, विकून टाकायची. नोव्हेंबरमध्ये नोंदणीची मुदत संपत होती. एप्रिल 2022 पासून पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या फेरनोंदणीची फी सहाशेवरून पाच हजार झालेली, पर्यावरण कर वेगळा. धूर सोडणाऱ्या गाडीला पासिंग कोण देणार? भंगारवाल्यानं बावीस हजार सांगितले. तेवढ्यात जवळच्या गावातले एक तरुण शिक्षक आले. बायको, लहान मूल, म्हातारी आई. चौघांना बसता येईल अशी स्वस्त गाडी हवी होती. साठ हजारांपर्यंत द्यायला तयार होते.

गाड्यांची दलाली करणाऱ्या एकानं आम्हाला बाजूला घेऊन उपाय सांगितला. ‘जाड ऑइल भरा, त्यात एक डबी औषध टाका. महिनाभर धूर दिसत नाही. पुढचं पुढे.’ औषधाची डबी साडेचारशेची. आम्ही ती आणली. सांगायला जड जातं, पण आणली. थोरल्यानं ऑइल भरलं, मधल्यानं सायलेन्सरचं तोंड घासून पांढरं केलं, धाकटीला सगळं माहीत होतं आणि ती गप्प राहिली. अब्बांना कोणी काही सांगितलं नाही.

शिक्षक रविवारी आले. गाडी सुरू केली, धूर नाही. ते खूश झाले. चहा आला. अब्बांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, ‘सर, एक सांगायचं राहिलं. ही गाडी ऑइल पिते. आज धूर का नाही ते मला कळत नाही, पण इंजिन थकलेलं आहे. दोन महिन्यांत तुम्हाला खर्चात पाडील.’

शिक्षक आमच्याकडे बघू लागले. आम्ही जमिनीकडे. चहा संपवून ते निघून गेले.

त्या दिवशी आमचा राग अब्बांवर होता. थोरला बोलून गेला, ‘साठ हजार गेले तुमच्या एका वाक्यापायी.’ अब्बा शांत होते. ‘ऐब सांगून विकायचं, नाहीतर विकायचं नाही,’ एवढंच म्हणाले. मग बोनेट उघडून त्यांनी ऑइलची कांडी काढली, दोन बोटांत ऑइल चोळून पाहिलं आणि त्यांना सगळं समजलं. ते काही बोलले नाहीत. ते न बोलणंच आम्हाला जास्त लागलं.

रात्री जेवताना अम्मी म्हणाल्या, ‘तुम्हा पोरांना तिच्यातला ऐब झाकता येतो. काढता येत नाही का?’

तिथून काम सुरू झालं.

पैशाची बाजू आधी सांगतो. अम्मींच्या भिशीचे बारा हजार, हरभऱ्याच्या पैशातले पंधरा हजार आणि थोरल्याच्या दुकानातले आठ हजार, असे पस्तीस हजार जमले. बाजारातला एक जण व्याजानं द्यायला तयार होता. घरात तो विषयच निघाला नाही. अम्मींनी दोन अटी घातल्या. एक, पस्तीसच्या वर एक रुपया नाही. दोन, प्रत्येक रुपया वहीत. वही धाकटीकडे गेली.

गावाबाहेर एक निवृत्त मिस्त्री राहतात. आयुष्यभर ट्रक आणि फियाट खोलल्या, आता शेळ्या पाळतात. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. आम्ही गेलो तर ते म्हणाले, ‘खोलण्याआधी आजार ओळखा. डॉक्टर पोट फाडून मग नाडी बघतो का?’ त्यांनी एक जुना कॉम्प्रेशन गेज काढला. इंजिन गरम करून चारही प्लग काढायचे, गेज एकेका भोकावर लावायचा, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारायचा. सिलिंडर किती दाब धरतो ते काट्यावर दिसतं. आमचे आकडे आले 118, 75, 80 आणि 112 पौंड. म्हणजे पहिला आणि चौथा ठीक, दुसरा आणि तिसरा गेलेले.

मग उस्तादांनी दुसऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडायला लावलं आणि पुन्हा मोजलं. 75 चे 110 झाले. ‘ऑइलनं फट बुजली. म्हणजे इथे रिंग आणि सिलिंडर झिजलेत.’ तिसऱ्यात ऑइल सोडलं तर 80 चे 84 च. ‘इथे दाब खालून जात नाही, वरून जातो. व्हॉल्व्ह जळालाय.’ दहा मिनिटांत, एक रुपया खर्च न होता, दोन वेगळे आजार कळले. दोन वर्षांपूर्वी कोणी एवढं केलं असतं तर आमचे सात हजार वाचले असते.

जुलैमध्ये पेरणी आटोपल्यावर इंजिन उतरवलं. कडुनिंबाच्या फांदीला चेन-कप्पी अडकवायचा आमचा बेत उस्तादांनी मोडला. ‘फांदीचा भरवसा काय?’ म्हणून लोखंडी पाइपांची तिवई केली. एकेक भाग सुटत गेला तसा धाकटी मोबाईलवर फोटो काढत होती आणि मिठाईच्या रिकाम्या डब्यांवर आकडे टाकत होती. पिस्टन कोणत्या सिलिंडरचा, कनेक्टिंग रॉडची टोपी कोणत्या रॉडची, याची अदलाबदल चालत नाही. ज्याची टोपी त्यालाच.

पद्मिनीचं इंजिन 1089 सीसीचं. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास 68 मिलीमीटर. आतून बोट फिरवलं तर वरच्या काठाखाली एक पायरी लागत होती. पिस्टन वर-खाली होऊन जिथे घासतो तिथे सिलिंडर झिजला होता, अगदी वरचा काठ तसाच राहिला होता. अकोल्याच्या लेथवर मोजल्यावर दुसऱ्या सिलिंडरची झीज वरच्या भागात 0.22 मिलीमीटर निघाली. शिवाय भोक गोल राहिलेलं नव्हतं, अंडाकृती झालं होतं. त्यात नवी गोल रिंग टाकणं म्हणजे झिजलेल्या पाट्यावर नवा वरवंटा. मधेच टेकतो, कडेला टेकत नाही. 2021 चं काम का फसलं ते त्या दिवशी समजलं.

उपाय एकच होता. चारही सिलिंडर बोअर करून थोडे मोठे करायचे आणि 0.40 मिलीमीटर मोठे पिस्टन बसवायचे. इथे उस्तादांनी एक गोष्ट शिकवली. आधी पिस्टन हातात येऊ द्यायचे, मग बोअर करायचं. पिस्टन प्रत्यक्ष मोजून त्याच्या मापानं भोक करायचं. आधी भोक पाडून मग त्या मापाचा पिस्टन शोधत फिरायचं नाही. आमच्या मामूंनी कुर्ल्याच्या बाजारात आठ दुकानं फिरून सेट मिळवला, साडेनऊ हजाराला. तो एसटीच्या पार्सलनं आला. मग मधला पिस्टन आणि ब्लॉक घेऊन मालेगाव, मेडशी, पातूर करत पुन्हा अकोल्याला गेला. ब्लॉक ज्या मालाच्या टेम्पोतून गेला त्याच्या ड्रायव्हरनं भाडं घेतलं नाही. त्याची आई एका रात्री याच गाडीतून वाशिमला गेली होती, असं तो म्हणाला. आम्हाला ते आठवत नव्हतं. अब्बांनाही नव्हतं.

पैसे कमी असले की प्रश्न पडतो, काय बदलायचं आणि काय ठेवायचं? उस्तादांनी मोजपट्टी दिली ती अशी: ‘इंजिन उतरवल्याशिवाय जिथे हात पोहोचत नाही, ते आत्ता करा. बोनेट उघडून जिथे हात पोहोचतो, ते नंतर करा. आणि जे डोळ्यांना दिसतं पण गाडी चालवत नाही, ते करूच नका.’ या एका वाक्यावर आमची वही चालली. क्रँकशाफ्टचे रॉडचे जर्नल ओरखडले होते. ते पाव मिलीमीटर ग्राइंड करून त्या मापाचे बेअरिंग टाकले. टायमिंग चेन सैल होती, बदलली. क्लच प्लेट अजून वर्षभर गेली असती, पण ती बदलायला पुन्हा गिअरबॉक्स उतरवावा लागला असता, म्हणून तीही बदलली. ऑइल पंप खोलून मोजला, चांगला निघाला, धुऊन परत बसवला. कॅमशाफ्टही जुनाच ठेवला. रंग, सीट, दाराचा गंज यांना हात लावला नाही. मधल्याला चकचकीत व्हील कॅप फार आवडल्या होत्या, अठराशेच्या. धाकटीनं वही पुढे केली आणि तो गप्प बसला.

जिथे मजुरी वाचवता येईल तिथे आम्ही हात काळे केले. तिसऱ्या सिलिंडरचा जळालेला व्हॉल्व्ह नवा आणला, बाकीचे घरीच घासले. व्हॉल्व्हला घासायची पेस्ट लावायची, रबरी टोपीची काठी चिकटवायची आणि ताक घुसळल्यासारखी दोन्ही तळव्यांत ती फिरवत राहायची. सात व्हॉल्व्ह जुने आणि एक नवा. अम्मी संध्याकाळी डाळ निवडत बसत तेव्हा शेजारी बसून अब्बा व्हॉल्व्ह घासत. गुडघे दुखत होते, हात दुखत नव्हते. घासून झाल्यावर हेड उलटं करून त्यात रॉकेल ओतलं आणि रात्रभर ठेवलं. सकाळी एक थेंब खाली आलेला नव्हता. अब्बा असे हसले, जणू परीक्षेत पास झाले.

बोअरिंग होऊन ब्लॉक आला तो दिसायला स्वच्छ होता. उस्ताद म्हणाले, धुवा. साबणाचं गरम पाणी आणि ब्रश. बोअरिंगनंतर लोखंडाची आणि घासणीच्या दगडाची बारीक पूड सिलिंडरच्या भिंतीला चिकटून असते. ती राहिली तर नव्या रिंग महिनाभरात खाऊन टाकते. आम्ही धुतला. त्यांनी पांढरा रुमाल आत फिरवला, काळा निघाला. पुन्हा धुतला, राखाडी निघाला. पाचव्या वेळी पांढरा निघाला, तेव्हा म्हणाले, ‘आता ऑइल लावा, नाहीतर तासाभरात गंजेल.’

जोडणीला तीन रविवार गेले. प्रत्येक रिंग आधी सिलिंडरमध्ये एकटी बसवून तिच्या तोंडाची फट पत्तीनं मोजली. हेडचे बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, थोडे थोडे, तीन फेऱ्यांत आवळले, उसन्या टॉर्क पान्यानं. एकदम एका बाजूनं आवळले तर अॅल्युमिनियमचं हेड वाकतं.

ऑक्टोबरच्या शेवटी, सोयाबीन घरात आल्यावर, गाडी सुरू करायचा दिवस आला. आधी प्लग न लावता सेल्फ फिरवला, ऑइल सगळीकडे पोहोचून दिवा विझेपर्यंत. मग प्लग लावले. अब्बा स्टिअरिंगवर बसले, बिस्मिल्लाह म्हणून चावी फिरवली. कार्बोरेटरमधून तोफेसारखा धडाका झाला. शेजारच्या कोंबड्या उडाल्या. पुन्हा चावी, पुन्हा धडाका. आमचे चेहरे उतरले. चार महिने आणि घरातली सगळी शिल्लक त्या एका आवाजात गेली असं वाटलं.

उस्ताद नव्हते, ते लग्नाला गेले होते. धाकटी फोटो बघत बसली. मग म्हणाली, ‘पहिला पिस्टन एका फेरीत दोनदा वर येतो ना? एकदा दाब द्यायला, एकदा धूर बाहेर टाकायला. आपण कोणत्या वेळी डिस्ट्रिब्युटर बसवला?’ पहिला प्लग काढून तिनं भोकावर अंगठा ठेवला आणि थोरल्याला इंजिन हातानं फिरवायला लावलं. अंगठा जोरात ढकलला गेला ती वेळ दाबाची. डिस्ट्रिब्युटर बरोबर उलट बसला होता. अर्धा फेरा फिरवून बसवला, वायर 1-3-4-2 या क्रमानं पुन्हा पाहिल्या. चावी फिरवली. इंजिन सुरू झालं आणि चालू राहिलं. मागे धूर नव्हता, आणि या वेळी तो का नाही हे अब्बांना माहीत होतं.

त्याच आठवड्यात टीव्हीवर बातमी होती. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदलेली, आणि टॅक्सीला वीस वर्षांचीच मुभा. म्हणून 30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईच्या रस्त्यावर काळी-पिवळी पद्मिनी उरली नाही. लोक तिला हार घालत होते. आमची दहा वर्षं थोरली, अंगणात घुरघुरत उभी होती. अब्बांनी टीव्ही बंद केला आणि तिला पुसायला गेले.

वहीचा शेवट असा झाला: एकूण खर्च 33,600. उरले 1,400. उस्ताद मजुरी घेत नव्हते. अब्बांनी तीन हजार त्यांच्या खिशात घातले, ते याच हिशेबात आहेत. पहिले पाचशे किलोमीटर पन्नासच्या वर वेग नेला नाही, मग ऑइल बदललं. नोव्हेंबरमध्ये अब्बा स्वतः चालवत वाशिमला गेले. धुराची चाचणी झाली, फी भरली, पुढच्या पाच वर्षांचं पासिंग मिळालं. येताना त्यांनी आम्हाला कोणालाच चालवू दिलं नाही.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर या गाडीची आम्हाला फार गरज होती असं नाही. तेवढ्या पैशात जुनी मोटारसायकल आली असती. जुन्या गाडीवर खर्च करावा असं आम्ही कोणाला सांगणार नाही. पण खर्च करायचाच तर आधी मोजा, मग खोला. आणि पैसा तिथे घाला जिथे तो दिसत नाही. घराचं, नात्याचं, व्यवहाराचंही बहुधा असंच असावं. वरून जाड ऑइल ओतून महिना काढता येतो. मग तोच धूर, आणि समोर उभा असतो आपल्यावर भरवसा ठेवणारा माणूस.

डिसेंबरमध्ये ते शिक्षक पुन्हा आले. आमच्या पोटात गोळा आला. त्यांना पद्मिनी नको होती. बाहेर एक जुनी अल्टो उभी होती, सोबत तिचा मालक. ‘चाचा,’ ते अब्बांना म्हणाले, ‘ही घ्यावी म्हणतो. तुम्ही बघून सांगता का? तुम्ही सांगाल ते खरं.’

अब्बांनी आमच्याकडे पाहिलं. थोरल्यानं गेज आणला, मधल्यानं प्लग काढले, धाकटीनं वहीचं नवं पान उघडलं. एकेक आकडा आम्ही मालकाच्या देखत मोठ्यानं वाचला. तीन सिलिंडर, तिन्ही ठीक होते. तसं सांगितलं. मग निघता निघता थोरल्यानंच त्यांना मे महिन्यातली गोष्ट सांगितली, जाड ऑइलची आणि डबीची. शिक्षक थोडा वेळ गप्प राहिले. म्हणाले, ‘मला तेव्हाच कळलं होतं. तुम्ही तिघं खाली बघत होता.’

अब्बांनी त्यांना चहा प्यायल्याशिवाय जाऊ दिलं नाही.